खड्ड्यांवर फुटणारं खापर

जुन्या गाडीचं चाक गुणगुणायला लागलं, बेअरिंग बदललं आणि सहा महिन्यांत तोच आवाज पुन्हा आला, की गॅरेजमधलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, रस्तेच असे आहेत, बेअरिंग टिकणार कुठून?" मेस्त्री हे म्हणतो, सुट्या भागांचा दुकानदार म्हणतो, आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात तो गाडीमालकही मान डोलावतो. वाक्य सगळ्यांच्याच सोयीचं आहे. मेस्त्री सुटतो, दुकानदार सुटतो, महिनाभर रेडिओचा आवाज वाढवून चाकाची घरघर झाकणारा मालकही सुटतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं ते सार्वजनिक बांधकाम खातं, आणि ते काही गॅरेजमध्ये येऊन आपली बाजू मांडणार नाही. रस्त्यांची वकिली करायचा माझा विचार नाही. २०११ पासून मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण पाहत आलेल्या माणसासमोर ती कुणी करूही नये. पण रस्ता वाईट आहे ही एक गोष्ट झाली, आणि या चाकातलं हे बेअरिंग रस्त्यामुळे गेलं ही दुसरी. पहिली खरी म्हणून दुसरी आपोआप खरी ठरत नाही. माझं म्हणणं असं, की जुन्या गाडीत बदललेली बेअरिंगं लवकर जातात त्याचं मोठं कारण गाडी जॅकवर असताना घडलेलं असतं, रस्त्यावर नाही. आणि त्यातली काही बेअरिंगं तर मुळात गेलेलीच नसतात.

सगळ्यात साधा पुरावा आधी घेऊ. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या चाकांत बेअरिंगं बसवलेलीच असतात. ती पहिली बेअरिंगं याच खड्ड्यांतून, याच गतिरोधकांवरून, याच पावसाळ्यांतून जातात आणि ऐंशी हजार, लाख, कधी त्याहून जास्त किलोमीटर निमूट फिरतात. जुन्या हॅचबॅकना असायचा तो १६५/८० आर १४ मापाचा टायर घेतला, तर त्याचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. म्हणजे किलोमीटरला पाचशेहून जास्त फेरे आणि लाख किलोमीटरला पाच कोटी. पाच कोटी फेरे खड्ड्यांसकट सोसणाऱ्या जातीचं बेअरिंग त्याच चाकात, त्याच रस्त्यावर दुसऱ्या खेपेला दहा हजार किलोमीटरांत वाजायला लागलं, तर मधल्या काळात बदललं काय? रस्ता तोच, गाडीचं वजन तेच, चालवणाराही बहुधा तोच. बदलला तो भाग आणि तो बसवणारा हात. भाग नकली असू शकतो. नकली मालाचा बाजार आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नावाजलेल्या कंपनीचं, पावती घेऊन आणलेलं बेअरिंगही तसंच लवकर गेलं, तर 'डुप्लिकेट निघालं असेल' हे उत्तर 'रस्तेच असे' या उत्तराचं सख्खं भावंड ठरतं. दोन्ही उत्तरांत जुनं बेअरिंग उघडून बघायची तसदी कुणी घेतलेली नसते.

आता न गेलेल्या बेअरिंगांचं. गाडीच्या पोटातून घरघर आली की 'बेअरिंग गेलं' हे निदान सुचायला वेळ लागत नाही, कारण ते बहुतेकदा खरं वाटण्याजोगं असतं. पण असाच आवाज टायर काढतो. शॉकअब्सॉर्बर थकले असतील किंवा अलाइनमेंट बिघडली असेल तर टायर सगळीकडे सारखा झिजत नाही. त्यावर उंचवटे आणि खळगे तयार होतात. टायरच्या नक्षीवरून तळवा एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला, तर एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागतं. असा टायर साठच्या वेगात जी घरघर काढतो ती कानाला बेअरिंगचीच वाटते. मेस्त्री बेअरिंग बदलतो, आवाज राहतो किंवा जरासा कमी झाल्यासारखा वाटतो, मालक आठवडाभराने परत येतो आणि निष्कर्ष निघतो की नवीन बेअरिंगही टिकलं नाही. इथे बेअरिंगने काय गुन्हा केला? ते बिचारं ठणठणीत असताना ठोकून बाहेर काढलं गेलं. असे प्रसंग 'बेअरिंगं टिकत नाहीत' या समजुतीच्या खात्यावर जमा होत राहतात, आणि मग समजूत आणखी घट्ट होते. हिशेबात मुळातच भेसळ असेल, तर त्यावरून रस्त्यांविषयी काढलेला निष्कर्ष कितपत धरायचा?

यावर गॅरेजवाल्यांचा आक्षेप असतो की कानाला सवय असलेल्या माणसाला हे सगळं तपासायची गरज नाही, आवाज ऐकला की कळतं. अनुभवी कानाला मी कमी लेखत नाही. पण आवाज पत्र्यातून आणि चौकटीतून प्रवास करतो, आणि पुढच्या डाव्या चाकाचा आवाज मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटणं ही नेहमीची फसगत आहे. कान चुकतो तिथे साध्या चाचण्या कामी येतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग धरून क्षणभर क्लच दाबा; इंजिनाचे फेरे खाली आले तरी आवाज गाडीच्या वेगालाच चिकटून राहिला, तर इंजिन सुटलं. डांबरावरून काँक्रीटवर जाताना, पुणे एक्स्प्रेसवेवर हे सहज जमतं, आवाजाची जात बदलली तर टायरकडे बोट जातं. बेअरिंगला खाली डांबर आहे की काँक्रीट याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. लांबलचक डाव्या वळणावर गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर, उजव्या वळणावर वाढला तर डाव्या बाजूवर. ही खूण बऱ्याचदा खरी निघते, नेहमी नाही, म्हणून एवढ्यावर हातोडा उचलू नये. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहावेत. आवाजाने जागा बदलली, तर बेअरिंग निर्दोष सुटलं.

चाक जॅकवर घेतल्यावरच्या तपासणीतही हीच घाई दिसते. चाक वर-खाली धरून हलवलं, हललं, 'प्ले आहे' म्हणून बेअरिंगची ऑर्डर गेली. पण बॉल जॉइंट झिजला असला तरी चाक असंच हलतं. दोघांतला फरक काढायला फक्त एक माणूस आत बसून ब्रेकवर पाय दाबायला लागतो. ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरशी, म्हणजे पर्यायाने नकलशी, ज्या ओतीव भागात बेअरिंग बसलेलं असतं त्याच्याशी, जखडली जाते. तेवढ्याने प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये होता, ब्रेक दाबूनही चाक हलतच राहिलं तर तो खाली बॉल जॉइंटमध्ये किंवा सस्पेंशनच्या सांध्यात आहे. उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी: बेअरिंग आवाज करण्याइतकं खराब असूनही चाकाला अजिबात प्ले नसतो, असंही होतं. तेव्हा उपयोगी पडते ती स्प्रिंग. गाडी स्टँडवर पक्की ठेवून एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेंशनच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवायची. चांगल्या बेअरिंगची स्प्रिंग गप्प असते. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांत उतरते, वाळूत चमचा फिरवल्यासारखी. ब्रेकचे पॅड घासल्याचा आवाज कानाला फसवतो, बोटांना सहसा नाही. एवढं सगळं करायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि नेमका हाच वेळ कुठल्याही बिलात लिहिलेला नसतो. मजुरी बदलण्याची मिळते, न बदलण्याची मिळत नाही. व्यवहारच असा उभा असेल तर मेस्त्री निदान घाईत करणार, आणि मालकाने त्याबद्दल एकट्या मेस्त्रीला बोल लावण्यात काय हशील?

निदान बरोबर निघालं तरी मूळ गोष्ट पुढेच आहे. जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकात बहुधा छर्र्यांच्या दोन रांगांचं सीलबंद बेअरिंग असतं. त्याची बाहेरची रिंग नकलच्या भोकात दाबून बसवलेली असते आणि आतल्या रिंगमध्ये हब दाबलेला असतो. दोन्ही बसणी घट्ट असतात. भोक आणि रिंग यांच्या मापांतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा. रिंगा आणि छर्रे सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेल्या कडक पोलादाचे असतात, आणि छर्रे ज्या पन्हळीत फिरतात, गॅरेजच्या बोलीत रेस, ती आरशासारखी घासलेली असते. या कारागिरीचा एकच नियम आहे: जी रिंग घट्ट बसवायची, जोर तिच्यावरच द्यायचा. नकलमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर, हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार देऊन. नियम मोडला की जोर एका रिंगवरून दुसऱ्या रिंगवर जाण्याची वाट एकच उरते, ती छर्र्यांतून. गाडी एक किलोमीटरही न चालता बेअरिंग मरतं ते इथे.

हातोड्याचं समर्थन करणारे म्हणतात, 'वर्षानुवर्षं ठोकूनच बसवतोय, काही होत नाही.' एक ढोबळ हिशेब करून पाहू. तीन किलोचा घण सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरला आणि पोलादावर आपटून सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात थांबला, तर त्या क्षणातला सरासरी जोर तीस हजार न्यूटन होतो, म्हणजे जवळपास तीन टन. छोट्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर उभ्या गाडीत साधारण तीनशे किलो वजन येतं. घणाचा घाव कधी रिंगच्या संपूर्ण कडेवर सारखा पडत नाही. तो एका बाजूला पडतो, रिंग तिरकी होते, आणि आतल्या रिंगवर ठोकलं जात असेल तर ते तीन टन सगळ्या छर्र्यांत न वाटता दोन-चार छर्र्यांच्या सुईच्या टोकाएवढ्या स्पर्शबिंदूंवर उतरतात. खड्ड्याचा दणका मोठा असतो हे खरं, पण तो बेअरिंगपर्यंत येताना मध्ये टायरची हवा असते, आणि बेअरिंगच्या मागे दबून वाट देणारे रबराचे बुश आणि स्प्रिंग असतात. घण आणि रेस यांच्यात काहीही नसतं. कठीण पोलादावर कठीण गोळी दाबून उमटलेल्या खळग्यावरून कठीणपणा मोजायची पद्धत योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. बेअरिंगच्या रेसवर छर्र्यांनी उमटवलेल्या खळग्यांना आजही त्याच्याच नावाने ओळखतात. फरक एवढाच की प्रयोगशाळेत खळगा मोजायचा असतो आणि गॅरेजमध्ये तो न मोजता ग्राहकाला विकला जातो.

'काही होत नाही' हेही अगदी खोटं नाही, आणि म्हणूनच ते इतकं टिकून आहे. खळगा पडल्या दिवशी खरंच काही होत नाही. चाक हाताने फिरवलं तर गुळगुळीत फिरतं, गाडी गप्प चालते, मालक पैसे देऊन जातो. पण प्रत्येक फेऱ्याला छर्रे त्या खळग्याच्या कडेवरून उड्या मारतात, कडेपासून पोलादाचे खवले सुटू लागतात, ते खवले ग्रीसमध्ये मिसळून पुढच्या छर्र्यांखाली दळले जातात, आणि काही हजार किलोमीटरांनी घरघर ऐकू येते. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे महिने गेलेले असतात की हातोडा कुणालाच आठवत नाही. त्या महिन्यांत खड्डे मात्र रोज आठवणीत राहतात.

ठोकण्याइतकाच दुसरा एक प्रकार नुकसान करतो, आणि तो अज्ञानातून आलेला नाही, उलट जुन्या शिक्षणातून आलाय. विलीज जीप आणि ट्रक यांच्या हबमध्ये शंकूच्या आकाराच्या रोलरची बेअरिंगं असत. हेन्री टिमकेनने त्या रचनेचं पेटंट १८९८ साली घेतलं होतं. तिथे शिकवण अशी: चाक फिरवत फिरवत नट आवळ, मग थोडा सोड, चाक मोकळं फिरलं पाहिजे. जास्त आवळलं तर रोलर तापून जळतात, म्हणून ती शिकवण अगदी बरोबर होती. उस्तादाकडून शिष्याकडे ती तशीच आली. पण दाबून बसवायच्या दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये आतली रिंग दोन तुकड्यांची असते आणि एक्सलचा नट त्या दोन तुकड्यांना एकमेकांवर पक्कं दाबून धरतो. छर्र्यांना किती जागा मिळायची हे कारखान्यात घासलेल्या मापांनी ठरलेलं असतं, आणि तुकडे एकमेकांना भिडले तरच ते माप खरं होतं. इथे नट 'थोडा सोडला' की तुकडे मोकळे होतात आणि बेअरिंग खिळखिळं फिरू लागतं. म्हणून या नटाला कंपनीने ठरवून दिलेला टॉर्क असतो आणि तो टॉर्क-पान्यानेच द्यायचा असतो. चाक जमिनीला टेकवून गाडीचं वजन बेअरिंगवर आल्यानंतर आवळायचा नसतो. चाक हवेत असताना, कुणीतरी ब्रेक दाबून धरला असताना आवळायचा. नट न आवळता गाडी दोन हात पुढे ढकलली, तरी बेअरिंग अर्धवट उघड्या अवस्थेत वजन घेतं. हवेच्या गनने खडखडवून झालं की काम संपलं असं मानणाऱ्याला हे सगळं अतिरेकी वाटेल. बेअरिंगला ते तसं वाटत नाही.

हे सगळं तर्काने सांगता येतं, पण तर्कापेक्षा जुनं बेअरिंग चांगला साक्षीदार आहे. काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी ग्राइंडरने बाहेरची रिंग कापावी, रॉकेलने धुवावी आणि उजेडात धरून पाहावी. रेसवर छर्र्यांच्या अंतराइतक्या अंतरावर छोटे खळगे ओळीने पडलेले असतील, आणि खळग्याच्या तळाशी कारखान्यातल्या घासणीच्या बारीक रेषा अजून दिसत असतील, तर तो एका क्षणात पडलेल्या जोराचा ठसा आहे. पाणी शिरलं असेल तर ग्रीस दह्यासारखं फुटून पांढुरकं झालेलं आणि रेसवर गंजाचे डाग दिसतात. वयाने थकलेल्या बेअरिंगमध्ये वजन घेणाऱ्या पट्ट्यातच खवले उडालेले असतात, बाकी रेस बऱ्यापैकी चकचकीत. उगाच खात्री देऊ नये म्हणून एक सांगून ठेवतो: ओळीने पडलेल्या खुणा नेहमी हातोड्याच्याच नसतात. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या नव्या कोऱ्या मोटारींच्या चाकांतही अशा खुणा सापडत, कारण वाघिणीच्या सततच्या थरथरीने न फिरणारे छर्रे एकाच जागी रेस घासत राहत. पण त्या खुणांत तांबूस भुकटी असते आणि मूळ घासणीच्या रेषा पुसलेल्या असतात. म्हणजे दोन गुन्हेगारांचे ठसे वेगळे असतात. ते ओळखायला भिंग पुरतं, प्रयोगशाळा लागत नाही.

आता खड्ड्यांच्या बाजूने जे खरं बोलता येईल ते बोलू. काठाला चाक जोरात आपटलं, रिम वाकेल इतक्या जोरात, तर रेसवर खळगा पडू शकतो. पावसाळ्यात तर रस्ता दुसऱ्या वाटेने मारतो: लांब चालून तापलेला हब गुडघाभर पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठांतून पाणी आत ओढलं जातं. वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याची धार चाकाच्या मध्यावर रोखून मारतात तेव्हाही तेच होतं, फक्त तिथे पैसे देऊन. हे नाकारायचं कारणच नाही. पण हे मान्य केलं की प्रश्न सुटत नाही, नेमका होतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण अभियंता कामाला होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती खचायची, छताखालचे लांब शाफ्ट सरळ राहत नसत आणि बेअरिंगं जळत. 'आमची जमीनच अशी' म्हणून दर वेळी नवी बेअरिंगं मागवत राहणं त्याला शक्य होतं. त्याने जमीन बेअरिंगला नेमकी कशी मारते ते पाहिलं, शाफ्टचा वाकडेपणा हे कारण धरलं, आणि वाकडेपणा पोटात घेणारं, आपोआप जुळवून घेणारं बेअरिंग रचलं. १९०७ साली त्यावर एसकेएफ ही बेअरिंगची कंपनी उभी राहिली, जिचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडलाही आला. आपल्या रस्त्यांबाबत कुणाला शोध लावायला सांगितलेलं नाही. दणका, पाणी की हातोडा, एवढं जुन्या बेअरिंगवरून वाचलं तरी पुष्कळ. पाणी निघालं तर पुढच्या खेपेला सील आणि धुण्याची सवय सुधारता येते. 'रस्ते' या उत्तरातून सुधारता येण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

याच उत्तराचा एक उपसिद्धांत असा की रस्ता दोन्ही चाकांना सारखाच मारतो, म्हणून एक बेअरिंग गेलं की दुसऱ्या बाजूचंही लगे हात बदलून टाकावं. ब्रेकचे पॅड आणि शॉकअब्सॉर्बर जोडीने बदलतात, त्यावरून हे सुचलेलं दिसतं. तिथे जोडीला कारण आहे: एक बाजू कडक आणि एक मऊ झाली तर गाडी ओढते. बेअरिंगांना एकमेकांशी असं काही जुळवून घ्यायचं नसतं. शिवाय बेअरिंगचं आयुष्य हा मुळातच शक्यतेचा हिशेब आहे. १९४७ साली लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी मांडलेल्या गणितावर आजही कंपन्या आयुष्याचा जो आकडा देतात, त्याचा अर्थ 'इतके फेरे शंभरातली नव्वद बेअरिंगं तरी पार करतील' एवढाच असतो. त्याच शंभरातली निम्मी बेअरिंगं त्या आकड्याच्या जवळपास पाचपट चालतात. सारखं पोलाद, सारखं वजन, सारखं ग्रीस, तरी एवढी तफावत. मग डावं गेलं यावरून उजवं जायला आलंय हे कसं कळलं? वर आणखी एक गोम: दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना हब ओढला की आतल्या रिंगचा एक तुकडा हबबरोबर निघून येतो, म्हणजे बेअरिंग काढणं म्हणजेच ते मोडणं. कारखान्यात नीट बसलेलं, गुमान चालणारं बेअरिंग मोडून त्या जागी हातोड्याने दुसरं बसवायचं, याला काळजी म्हणणं कठीण आहे.

उरलेला आक्षेप व्यवहाराचा, आणि तो सगळ्यात जोरात मांडला जातो. तालुक्याच्या गावात प्रेस कुठे मिळणार? आणि पंधरा वर्षं उलटून नव्याने पासिंग करून घेतलेल्या गाडीवर एवढे सोपस्कार करायचे कशाला? पहिल्याचं उत्तर असं की ज्या गावात ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं होतात, तिथे लेथवाला असतो आणि त्याच्याकडे बहुधा हायड्रॉलिक प्रेसही असतो. नकल सोडून पिशवीत घालून त्याच्याकडे नेता येते. तेही नसेल तर जाड आटे पाडलेला रॉड, दोन नट, जाड पट्ट्या आणि जुन्या बेअरिंगचीच कापून बाजूने किंचित घासलेली बाहेरची रिंग, एवढ्यावर नवं बेअरिंग नट फिरवत हळूहळू ओढून घेता येतं. घासायची यासाठी, की ती स्वतः भोकात अडकून बसू नये. सरळ ओढणारा सावकाश जोर, तोही योग्य रिंगवर, एवढीच अट आहे, आणि ती चारशे-पाचशे रुपयांच्या सामानात भागते. दुसऱ्या प्रश्नात मात्र गृहीतकच उलटं आहे. गाडी जुनी म्हणून हातोडा चालतो असं नाही. गाडी जुनी म्हणूनच तो परवडत नाही. प्रत्येक ठोकाठोकीत नकलचं भोक थोडं थोडं मोठं होतं, कडा ओरखडतात, आणि एक दिवस बाहेरची रिंग भोकात घट्ट न बसता गाडी चालताना हळूहळू फिरू लागते. त्यावरचा गॅरेजमधला प्रसिद्ध उपाय म्हणजे भोकाच्या आतल्या अंगाला पंच मारून ठिपके उठवायचे, म्हणजे रिंग 'टाइट' बसते. ती बसते पाच-दहा टोकांवर. कडक पोलादाची पातळ रिंग त्या टोकांवर दबून अंडाकृती होते, रेसही तिच्याबरोबर आकार बदलते, आणि छर्रे दर फेऱ्याला अरुंद जागेतून पिळून निघतात. अशा भोकात खरं, सीलबंद, महागातलं महाग बेअरिंग घातलं तरी ते पहिल्या किलोमीटरपासून वाकडंच चालणार. त्याला औषध म्हणजे नवी नकल, बेअरिंगच्या कैकपट किमतीची, तीही जुन्या मॉडेलची सहज मिळत नाही. मग ती भंगारबाजारातून, दुसऱ्या एखाद्या मोडलेल्या गाडीची काढलेली येते. आणि तिच्याही भोकात बोट फिरवून पाहिलं, तर पंचाचे ठिपके हाताला लागतात.